पातेल्यावरचं स्पॅनिश

—तर उचलला मी तुझा फोन, काय बिघडलं? तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस, तो इथे ओट्यावर बोंबलत होता. तुझी ती स्पॅनिशची बाई. म्हणाली, उद्याच्या परीक्षेला येणार का ते आत्ता सांगा, नाहीतर जागा दुसऱ्याला देते. मी म्हटलं, द्या. नकोय तिला. — डोळे कशाला वटारतेस, सूनबाई? परीक्षा झाली की व्हिसाचे कागद, कागद झाले की विमान, की बसलीस तू तिकडे परदेशात माझ्या मुलाशेजारी जाऊन. तू इथे असलीस तर तो वर्षाकाठी घरी येईल तरी! — कुठल्या भाषेत म्हणजे? तिच्याच. तिला आपली कुठे येते? — अगं, स्वयंपाकघरभर चिठ्ठ्या डकवल्यास, त्या काय मुंग्यांनी वाचायच्या? मिठाच्या डब्यावर 'मे ला पासास' — मला ते दे. दुधाच्या पातेल्यावर 'ला कालिएंतो' — मी ते तापवते. तू तापवतेस? लग्न होऊन आल्यापासून एकदा तरी? चिठ्ठी तुझी, दूध माझं, उतू गेलं की ओटाही मीच पुसायचा. आणि भाषा तरी काय — 'त्याला' म्हणायचं तर पेल्यालाही 'लो', माझ्या मुलालाही 'लो'! एवढा वाढवला, आणि बसवलात पेल्यांच्या रांगेत.

सराव, सराव म्हणून रोज फोनवर खिदळता दोघं. मी इस्त्री हातात धरून उभी. म्हटलं, सासूचा उद्धार चालला असणार, दुसरं काय — निदान कळू तरी दे. म्हणून शिकले, हो. चिठ्ठ्या पाठ केल्या, तू आंघोळीला गेलीस की तुझं पुस्तक चाळलं. आणि कळायला लागलं. घरभाडं, बस, तुझं जाकीट, त्याचा खोकला — खोकल्याचं मला नाही सांगितलं त्याने — सगळं होतं. मी नव्हते. शिवीसुद्धा नाही गं! एक साधी शिवी नाही.

— रडू नकोस, माझ्यावर परिणाम होत नाही. ती बाई तर म्हणे, उच्चार छान आहेत, कोणाकडे शिकता? ठेवूनच दिला फोन. — काय पुटपुटलीस? नीट बोल. 'मे लो दास'? मला दे? हा फोन?

नो ते लो दोय.

नाही देत. — बघत काय राहिलीस? जा, दूध वर आलंय. आज तू उतरव.