गुच्छ माझ्याकडे आला होता

नाव वहीत लिहून झालं आहे, पण मला सगळे आत्याच म्हणतात. वय बावन्न. काम फुलांच्या दुकानात गुच्छ बांधण्याचं. शिक्षण दुसरी. लग्न केलेलं नाही. राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत, भाचीसह. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती नवरी माझ्या मयत भावाची मुलगी. लहान होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. काल दुपारी हॉलमध्ये तिचं लग्न झालं. तक्रार नवऱ्या मुलाच्या थोरल्या बहिणीची. तिचं म्हणणं, नवरीनं नेम धरून तिच्या तोंडावर गुच्छ मारला. तसं झालेलं नाही.

लग्न लागलं की नवरी पाठमोरी होऊन गुच्छ फेकते आणि बिनलग्नाच्या मुली तो झेलतात. हा खेळ मुलाकडच्यांना पाहिजे होता. भाची थोरलीला म्हणाली, "नको म्हणजे नको, ताई." कारण सांगितलं नाही. त्यावरून दोघींचं वाजलं होतं, हे खरं आहे.

कारण मला घरी कळलं. "तिथं लग्न न झालेल्या सगळ्यांना पुढे बोलावतात, आत्या. लोक तुझ्याकडे बघून हसतील."

मी म्हणाले, "हसू देत. मी काय काचेची आहे? माझ्यापायी तुझ्या लग्नातलं काही कापू नकोस."

तिनं ऐकलं नाही. म्हणून मी एकच गुच्छ बांधला. खेळ असला की आम्ही दोन बांधतो. एक हातात धरायचा जड, दुसरा फेकायचा हलका, नुसत्या दोऱ्यानं बांधलेला. हा जड होता. मुठीला पत्र्याची नळी, आत तार. फेकण्याचा नव्हताच.

जेवणं झाल्यावर माईकवाल्यानं खेळ पुकारला. त्याला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. भाची कावरीबावरी झाली, पण मुली आधीच पुढे धावल्या होत्या. मी मागे खरकट्या ताटांच्या टेबलापाशी उभी होते. माईकवाला म्हणाला, "अजून कोणी राहिलंय का?"

माझ्या शेजारची बाई ओरडली, "ह्या काय! ह्या कधीच्या राहिल्यात!"

हॉल हसला. मीपण हसले. भाची हसली नाही. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. गाण्याच्या गोंगाटात ऐकू आलं नाही, पण ओठ 'आत्या' म्हणाले एवढं मला कळतं. मग तिनं मुलींच्या डोक्यावरून गुच्छ फेकला.

एवढा जड गुच्छ फेकलाच कसा, असं विचारल्यावरून सांगते. सकाळी दुकानात फुलांची गाडी येते. भाची खालून जुड्या फेकते, मी जिन्यावर झेलते. ती शाळेत होती तेव्हापासून हेच चाललं आहे. माझ्या हातून जुडी सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. थोरली माझ्या मागे उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होती. ती भाचीला दिसणं शक्य नाही. मी अंगानं ही अशी. माझ्यामागचं माणूस कोणाला दिसतंय?

गुच्छ सरळ माझ्या हाताच्या अंतरावर आला. मी बाजूला झाले. नळी थोरलीच्या भुवईला लागली, रक्त आलं. पहिला रुमाल मीच दाबून धरला. नंतर टाके पडले, असं कळलं.

हात पुढे का केले नाहीत, असं साहेबांनी दोनदा विचारलं. सगळे बघत होते. यापुढे मला काही सांगायचं नाही.

चूक कोणाची तरी लिहायचीच असेल तर माझी लिहा. पोरीला इथं बोलावू नका. त्या घरात तिचा आज पहिला दिवस आहे, आणि थोरली त्याच घरात राहते.

गुच्छ तुम्ही जप्त करून कागदात गुंडाळला आहे. काळा पडेल. बादलीत ठेवा.

हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. बोलले तसाच उतरला आहे. फक्त वर पत्त्यात 'भाचीसह' आलं आहे. मीच तसं सांगितलं होतं, सवयीनं. ते खोडून 'एकटी' करायला लावलं. अंगठा नको, सही येते. खाली एक केली आणि खोडलेल्या जागी एक.