पडद्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि माझ्या चौथीच्या बाई, आदरणीय सावित्रीबाई मॅडम; आपल्या टॉकीजचे मालक बंकटशेठ; ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा टाकून भर दुपारी इथं जमलो आहोत ते सत्कारमूर्ती कय्युमचाचा; पहिल्या रांगेत बसवलं म्हणून अजून संकोचून बसलेल्या सायराचाची; आणि आष्टी व पंचक्रोशीतून आलेल्या रसिक मायबापहो, सर्वांना माझा नमस्कार, सलाम आणि जयभीम.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ काढण्याचा. आमच्याकडे पाच मिनिटांत फक्त नवरदेवाचा फेटा नीट होतो. तेव्हा थोडं पुढंमागं झालं तर मॅडमनी सांभाळून घ्यावं. चौथीतही त्यांनी मला बऱ्याचदा सांभाळून घेतलं आहे.

आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की कय्युमचाचांनी या टॉकीजमध्ये एक्केचाळीस वर्षं गेटकीपर म्हणून सेवा केली आणि हजारो पिक्चर पाहिले. सेवेबद्दल मला शंका नाही. पण हजारो पिक्चर पाहिले, हे मात्र साफ चूक आहे. मी सहावीत असताना माझा एक पिक्चर अर्धवट राहिला होता. शेवटी काय होतं, असं मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय म्हाईत? मी कधी बघितला?"

आपल्यापैकी किती जणांनी हे निरखून पाहिलं असेल? पडद्याच्या डाव्या अंगाला जे बाहेर जायचं दार आहे, त्या दारात चाचा उभे राहायचे. पाठ पडद्याकडे, तोंड आपल्याकडे. हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेवर रुमाल गुंडाळलेला, म्हणजे उजेड कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये. ते आपल्याला बघत असायचे. आणि त्यांचं माप काय? भुईमुगाच्या शेंगा. शेंगा फोडायचा आवाज येतोय तोवर पिक्चर लागलेला नाही. आवाज थांबला की लागला. पहिला खेळ सुटला की ते शेठना सांगायचे, कधी 'हा दुसरा आठवडा काढंल', तर कधी 'याची रिळांची पेटी शुक्रवारी परत पाठवा'. शेठ, ते कधी चुकले का? शेठ मान हलवताहेत. म्हणजे नाही.

तर अशा माणसासमोर मी दोन वर्षांपूर्वी माझा स्वतःचा पिक्चर घेऊन आलो. 'टोळी परत आली.' झॉम्बींचा, सुडाचा भयपट. इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी त्यात काम केलंय, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो. ऊसतोडीची एक टोळी परमुलखात ट्रॉली उलटून मरते. मुकादम प्रकरण मिटवून टाकतो. मग एके दिवशी ती सगळी माणसं फडातून उठतात आणि चालत निघतात, मुकादमाला गाठायला. बजेट विचारू नका. रक्त म्हणजे बीट आणि गुळाचा पाक. मुंग्यांनी आमच्या कलाकार मंडळींना जितकं चावलं तितकं आमच्या झॉम्बींनी कुणाला चावलं नसेल. माझे वडील कचरू, ते तिकडे मागं बसलेत, त्यांना मी प्रमुख झॉम्बी केलं होतं. उसात पडून राहायचं म्हटल्यावर ते खरोखर झोपले. आम्ही तो शॉट तसाच ठेवला.

पहिला खेळ दुपारी तीनचा. हाऊसफुल्ल. मला वाटलं होतं, लोक किंचाळतील. लोक हसले. फडातून पहिला हात वर आला आणि कुणीतरी ओरडलं, "कचरूमामा, दाढी तरी करायची बे." मग जो झॉम्बी येईल त्याला नावानं हाक. साखराबाई, आमच्या शेजारच्या, बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. पाय ओढत चाललेली माझी सगळी भयानक टोळी त्यांनी दोन मिनिटं बघितली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "मोळ्या वाहून आल्यावर आमी रोजच असं चालताव. यात भ्यायचं काय हाय?" बायकांची अख्खी बाजू हसली. मी पाठीमागं भिंतीला टेकून उभा होतो. तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला होता.

आता मी जे सांगणार आहे ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. सांगू की नको, असं मी कालपासून घोळवतोय. पण ते सांगितल्याशिवाय कय्युमचाचा काय माणूस आहे हे सांगता येणार नाही.

हा पिक्चर मी लोकांना भिववण्यासाठी काढलाच नव्हता. तो एका माणसासाठी काढला होता. मला एक मोठी बहीण होती, स्वप्ना. मी अकरा वर्षांचा होतो, ती सतरा. अंगात ताप असताना मुकादमानं तिला उसानं भरलेल्या ट्रॉलीवर बसवून दुसऱ्या फडाला पाठवलं. ट्रॉली उलटली. मुकादम पोलिसांना म्हणाला, पोरगी स्वतःच घसरली. तिचं सगळं तिकडंच उरकलं. ती घरी आलीच नाही. त्या दिवसापासून माझ्या आईनं, केशरबाईनं, तिचं नाव तोंडातून काढलं नाही. आम्हीही नाही काढलं. मी मनाशी ठरवलं होतं की एक दिवस या माणसाला पडद्यावर मारीन आणि तो बघत असताना मारीन. शेवटची बावीस मिनिटं मी फक्त त्याला मारण्यात घालवली आहेत. चार दिवस शूटिंग केलं, आणि फार आनंदानं केलं.

म्हणून मी मुकादमाला मानाचा पास पाठवला. तो आला. चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, पांढरी टोपी घालून बसला. आणि मी कय्युमचाचांना एकच काम सांगितलं. "चाचा, शेवटच्या भागात त्याचं तोंड बघा. तो घाबरतो का, घाम पुसतो का, एवढं मला सांगा." चेहरे वाचणारा याच्यापेक्षा मोठा माणूस मला जिल्ह्यात माहीत नव्हता. चाचा म्हणाले, "बघतो."

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सिरसाळ्याला मामाच्या घरी लग्नाला गेलती, त्या आठ दिवसांत मी आमच्याच घरासमोर शूटिंग उरकलं. दुसरी जागा परवडत नव्हती. आणि अजून एक केलं. पेटीच्या तळाशी ठेवलेली स्वप्नाची पिवळी ओढणी आईला न विचारता काढली आणि संस्कृती नावाच्या आमच्या नटीच्या अंगावर घातली. ही माझी चूक होती. मी ती आज सर्वांसमोर कबूल करतो.

मध्यंतरानंतर टोळी गावात शिरते. लोक हसतच होते. आई बायकांच्या बाजूला बसून बघत होती. शेंगा चालू होत्या. टोळी आमच्या घरावरून जाते, कारण पुढं मुकादमाचा बंगला. पिवळी ओढणी घेतलेली मेलेली पोरगी आमच्या दारासमोर येते, दाराकडे बघतसुद्धा नाही, आणि पुढं चालू लागते.

आई उभी राहिली.

टॉकीजचा नियम तुम्हाला माहीत आहे. उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाशी चाचा टॉर्च धरतात आणि हळूच म्हणतात, बसून घ्या. चाचांनी टॉर्च धरला, पण बसा म्हणाले नाहीत. आई मधल्या वाटेनं त्या उजेडातून पडद्याकडे चालत गेली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती, खेळ सुटल्यावर आम्ही खाणार होतो ती. आणि चाचांनी मागच्या मशीनच्या खोलीकडे टॉर्च दोनदा उघडझाप केला. पूर्वी फिल्म तुटली की ते ही खूण करायचे. पिक्चर थांबला. पोरगी आमच्या दारासमोर, एक पाय पुढं, तशीच थांबली.

हंगाम संपवून टोळी गावात येते तेव्हा आपल्याकडे काय करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, आणि मग माणसाला आत घ्यायचं. आई पडद्यासमोर उभी राहिली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्या पोरीवरून तीनदा ओवाळला आणि बाजूला टाकला. मग मागं वळून, मला शोधत, म्हणाली, "आरं, लेक दारात आली. तिला तशीच पुढं कावून नेतो?"

पाचशे माणसांच्या टॉकीजमध्ये एक शेंग फुटली नाही.

चाचांनी तिला हात धरून खुर्चीवर बसवलं. पिक्चर पुन्हा चालू झाला. पुढं माझा सूड होता, बावीस मिनिटांचा, सगळ्या बीटासकट. लोकांनी तो एसटीची वाट बघावी तसा बघितला. ना शिट्टी, ना हसू, ना भीती. काही बायका मधेच उठून आईजवळ जाऊन बसल्या. मी अंधारात चौथ्या रांगेकडे बघायचा प्रयत्न करत होतो, पण मला फक्त टोपी दिसत होती. खेळ सुटला आणि मुकादम कडेच्या दारानं निघून गेला.

मी धावत चाचांकडे गेलो. विचारायला पाहिजे होतं की आई कशी आहे. मी विचारलं, "चाचा, त्याचं तोंड कसं झालं?" ते म्हणाले, "मी नोकरी सोडीन त्या दिवशी सांगतो."

मंडळी, दोन वर्षं मी त्यांच्या मागं लागलो होतो. ईदला शीरखुर्मा खायला गेलो की विचारायचो. सायराचाची साक्षीला आहेत. चाचा नुसते वाटी पुढं करायचे. आणि मी घरी येऊन पडून राहायचो आणि त्या माणसाचं तोंड मनात तयार करायचो. कधी घामेजलेलं, कधी रडणारं. इकडे आई ओढणीबद्दल एका शब्दानं बोलली नाही. धुतली, घडी घातली, पेटीत ठेवली. तिच्याशी त्यावर बोलायला मला सवड नव्हती, कारण मला त्याचं तोंड हवं होतं.

मागच्या महिन्याच्या तीस तारखेला चाचांचा कामाचा शेवटचा दिवस. खेळ सुटल्यावर त्यांनी मला पायरीवर बसवलं. म्हणाले, "सौरभ, मला म्हाईत न्हाई."

मला वाटलं, टाळताहेत.

"मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई बेटा. तुझ्या आईनं तुकडा टाकला अन् मी वळलो. चाळीस सालात पहिल्यांदा वळलो. मला वाटलं, आता पोरगी घरात जाती का बघावं. शेवटपर्यंत पडदा बघितला. पोरगी घरी गेलीच न्हाई. त्या माणसाच्या मागंच फिरत राहिली."

मग म्हणाले, "तवाच सांगितलं असतं तर तू चिडला असता. म्हणला असता, म्हाताऱ्याला एक काम सांगितलं, तेबी झालं न्हाई."

खरं आहे. मी चिडलोच असतो. आणि त्या माणसावरचा माझा राग गेला, असं मी इथं व्यासपीठावरून खोटं बोलणार नाही. तो आहे. पण त्या पायरीवर मला पहिल्यांदा लाज वाटली. पडद्यावर का होईना, माझी बहीण माझ्या हातात होती आणि मी तिला घरावरून पुढं नेलं होतं.

त्याच दिवशी घरी जाऊन मी आईला विचारलं, ओढणी पुन्हा देशील का? पुढच्या रविवारी आम्ही आमच्या दारात तेवढाच प्रसंग परत घेतला. या वेळी दारात आई स्वतः उभी होती. मी तिला काहीही सांगितलं नाही, तिनंही काही विचारलं नाही. तिनं संस्कृतीच्या पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, आणि मी लिहिलेलं नव्हतं ते बोलली. "लई उशीर केला गं." कॅमेरा माझ्याच हातात होता. चित्र थोडं हललं आहे. ते तसंच ठेवलंय.

बावीस मिनिटं काढून टाकली. आता टोळीतला एकेक माणूस आपापल्या दारात थांबतो आणि आत जातो. मुकादम बंगल्याला कडी लावून बसलेला आहे. त्याच्याकडे कुणी जात नाही.

बंकटशेठनी हॉल आणि मशीन आजच्या दिवसापुरतं मोकळं करून दिलं, त्यांचे आभार. अध्यक्षा मॅडमचे, सर्व वक्त्यांचे, आणि चाचांना एक्केचाळीस वर्षं आम्हाला उधार दिल्याबद्दल सायराचाचींचे आभार मानतो. मी घड्याळ पाळलं नाही, आणि बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझी एवढी मोठी चूक या गावानं एका भाकरीच्या तुकड्यावर माफ केली आहे, ही लहान आहे.

हारतुरे झाले की नवा शेवट दाखवणार आहोत. चाचा, चौथ्या रांगेत, कडेची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे. शेजारी आई बसेल. तुमचा टॉर्च, रुमालासकट, मी शेठकडून मागून घेतलाय. आज तुम्ही तोंड पडद्याकडे करून बसा. दारात मी उभा राहतो.