भाकरीच्या आधी उडालेलं रॉकेट

भोकरदनच्या बसमध्ये गंधालीच्या मागच्या सीटवर पन्नाशीतले बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर लांबडा खोका होता, आणि गंधालीनं कानातलं गाणं केव्हाच बंद केलं होतं.

"नंदे, हळू! पंख कालच चिटकवलेत."

"बघू तर दे, दादा. आगं बाई! हे तर लहानपणी मामानं आणल्तं तेच रॉकेट!"

"बिलकुल तेच. चंद्रावर गेलेल्या रॉकेटची हुबेहूब नक्कल. कंपनीनं इतक्या वर्षांनी तोच संच परत काढला, खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच."

"काळे पट्टे तू रंगवले?"

"मंग? महिनाभर तेच करून राह्यलो. तुझी वहिनी म्हणती, येडं लागलं."

"उडंल का पण?"

"उडंल म्हंजे? पार आभाळात! वर गेलं की छत्री उघडती, अन् अलगद खाली येतं."

"मला काय माहीत? तवा मी घरून वावरात भाकरी घेऊन येईपर्यंत तू उडवलं बी अन् हरवलं बी. मला निस्ता धूर दिसल्ता."

"अजून ध्यानात हाय तुझ्या?"

"न्हाई तर काय!"

मागून खोक्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

"म्हणून तर धावड्याला, तुझ्याच वावरात उडवायला आणलंय. बटण तू दाबायचं."

"मी? खरंच? अन् तू काय करशील मंग?"

"मी भाकरी घेऊन येतो."

"ये. पण जल्दी ये, दादा. तू आल्याबिगर मी बटण दाबायची न्हाई."