दुसरा डबा

म्हापशाच्या स्टँडवर पार्स्याची बस लागली. कंडक्टर बाबाजीने पाणीखात्यातल्या कॉम्प्युटरवाल्या प्रज्योतच्या हातात त्याच्या आईने पाठवलेला डबा ठेवला.

"काका, सकाळच्या बसने एक आला की!"

"मिळाला म्हणून आवशीला कळवलंस?"

"वेळ कुठे? पार्से गावाने पाण्याचा एक टँकर मागितला की आमच्या मशीनवर मागणी दोनदा येते. पार्स्यात दोन टँकर आणि केरी गावात थेंब नाही. आज दुरुस्त झालं नाही तर गणेशचवथीची रजा गेली."

"तुझं मशीन तरी मिळालं म्हणून कळवतं?"

"कळवतं. सगळं काम उरकल्यावर."

"तोवर पलीकडचा थांबेल? तुझी आवय थांबली नाही रे."

"काका, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून तिथून मागणी पुन्हा येते! मी ऑफिसात परत जातो."

"जा. पण आधी तिला फोन कर. नाहीतर संध्याकाळी तिसरा डबाही मलाच आणायला लागेल."