यांच्या फोटोची जागा

एका खोलीत घर मांडावं ते आमच्या वन्संनी. हे गेल्यावर मी कोल्हापुरात एका खोलीचा फ्लॅट घेतला, तेव्हा नणंदबाई हुपरीहून मदतीला आल्या. त्यांनी एक भिंत हळदीसारखी पिवळी केली आणि खोलीला रूपच आलं. अडलं ते यांच्या फोटोवर. कुठंही लावला तरी कॉटवरून दिसणार आणि मला झोप लागणार नाही.

"वन्सं, राहू द्या कपाटात."

"दादा काय स्वेटर हाय व्हय, थंडीत बाहेर काढायला?"

त्यांनी फोटो गॅसजवळ लावला, कॉटला आडोसा म्हणून एक रंगीत वाकळ टांगली आणि फोटोला दम भरला, "जन्मभर वहिनीमागं उभा राहून आमटीत मीठ कमी म्हणालास न्हवं? आता नुसतं बघायचं. बोलायचं न्हाय!"