पाटे शाबूत व्हते

माझं माहेर कळंबचं, मंचरजवळचं. बाप बैलगाडीच्या लाकडी चाकांना लोखंडी धाव चढवायचा. शेणकुटांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर बसवायची आन वरनं पाणी वतायचं, की चाक गच्च आवळलं जायचं, आन ते पाणी वतायचं काम माझं. उशीर झाला की लाकूड जळायचं, मंग बाप वरडायचा, कमे, वत की, झोपलीस का उभ्या उभ्या. पुढं बैलगाड्या सरल्या, जिकडं तिकडं जीपा झाल्या, बापाकडं चाक घेऊन कुणी येईना, तवा माझ्या दादानं, थोरला भाऊ माझा, हमरस्त्याला पत्र्याचं दुकान टाकलं आन जीपांच्या पाट्यांचं काम धरलं. पाटे म्हंजे काय सांगू तुमाला, गाडीखाली चाकापाशी एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या असत्यात, सगळा भार त्यांच्यावर. लांबलांबचे डायवर यायचे दादाकडं, जुन्नरकडचे तर लई. तुमी म्हणाल भावाचं कौतुक सांगती, तर सांगणारच, मला दुसरं हाय कोण.

लग्न होऊन मी इकडं आले, लेण्याद्रीच्या अंगाला. मालकांची जुनी जीप व्हती, जुन्नर ते मढ शिटा भरायचे. माणूस हसरा, कुणाला न्हाई म्हणता येत नव्हतं त्यांना, मलाबी आन गावालाबी. आन नाद एकच, घोडी. आमच्याकडं यात्रंत बैलगाडे पळत्यात तुमाला ठावं आसंल, तर गाड्याच्या म्होरं घोडी पळवावी लागती, बैल तिच्या मागं जीव तोडून धावत्यात. आमच्या घोडीला जुन्नर-आंबेगावातनं बोलावणी यायची. चैत्र लागला की घरात मी, सासू आन शेळ्या, बाकी सगळं यात्रंला. घोडी न्यायला मालकांनी जुन्या जीपच्या आक्सलावर ट्राली बनवून घेतली व्हती, ती जीपच्या मागं हुकाला अडकवायची आन निघायचं.

आता घोडी काय पोत्यावानी गप बसती व्हय? ती इकडं पाय टाकी तिकडं टाकी. ट्रालीचा सगळा दाब हुकावर, म्हंजे जीपची मागली बाजू पार खाली बसायची आन तोंड वर. एकदा मी वटीत पोरगी घेऊन म्होरं बसले व्हते, आन उताराला ट्राली अशी डुलाया लागली, कुत्र्याची शेपटी हालती ना तशी, आन मालक म्हणले, कमल, इस्टेरिंग हलकं लागतंय, चाक जमिनीवर हाय का न्हाई तेच कळंना. आन हसले वर. मी तवाच ठरवलं, हे दादाला सांगायचं. दादा संकष्टीला लेण्याद्रीला यायचा, तवा सांगितलं. त्यानं जीप बघितली, खाली वाकून हात घातला, म्हणला पावणं, ही गाडी घेऊन उद्या कळंबला या, आन तवर घोडी जोडू नका.

दादानं तिला नवा जन्म दिला म्हणा ना. मागच्या पाट्यांत जाड पट्ट्या वाढवल्या, धक्के झेलणारे नवे शाकप बसवले, ट्रालीचा हूक खाली घेतला, घोडीनं कुठं उभं राहायचं त्याला आडवा दांडा लावला. आमचा आख्खा मुक्काम माहेरी झाला, पोरगी आजीकडं खेळत व्हती, मी चहा घेऊन दुकानात गेले तर दादा मालकांना सांगत व्हता, मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणला, पावणं, पाटा वजन उचलतो, थांबवत न्हाई, थांबवायचं काम ब्रेकाचं, आन ब्रेक हायेत तेच हायेत. घोडी आन चार माणसं, बास. यात्रा सरल्या की ट्राली आणा, तिलाबी ब्रेक लावू. आन गाडी बसली न्हाई म्हंजे वजन न्हाई असं धरू नका. मालक म्हणले, व्हय व्हय. त्यांचं व्हय म्हंजे तुमाला सांगितलंच मी.

जीप घरी आली ती छाती काढून उभी. घोडी जोडली तरी तसूभर वाकंना. गाव बघाया आलं. आधी कसं व्हतं, पाच-सहा माणसं चढली की मागचा पत्रा चाकाला घासायचा, कर्र कर्र आवाज यायचा, मंग मालकच म्हणायचे, दोघं उतरा राव, आन लोक उतरायचे, कुणाला राग न्हाई, गाडीच नको म्हणती. आता गाडीच काय म्हणंना. मंग कोण उतरतंय? टपावर माणसं, बानेटवर माणसं, ट्रालीत घोडीच्या पोटाखाली वैरणीचे भारे आन भाऱ्यावर माणसं. मी बोलले, दादानं चार सांगितलीत. तर म्हणले, अगं, गाडा पहिला आल्यावर ज्याच्या तोंडाला गुलाल हाय त्याला खाली उतर कसं म्हणायचं? आन ते खरंच हाय आमच्याकडं. गुलाल लागलेल्या माणसाला गाडीतनं उतरवलं तर तो पुढल्या वर्षी तुमच्या दारात येत न्हाई. उतर म्हणायचं धाडस त्या दिवशी गावात कुणाला असतं, सांगा मला.

आंबेगावातल्या डोंगराकडच्या एका यात्रंत आपल्याच गावचा गाडा पहिला आला. उन्हं अजून वर व्हती. हलगी वाजवत, वरडत निघाले सगळे, आन उताराला ट्रालीनं जीपला मागनं रेटलं. मालकांनी ब्रेक दाबला आसंल, दाबून दाबून किती दाबणार. जीप आडवी झाली आन वढ्यात गेली. कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय, आन आमचे मालक तेवढे गेले. घोडीची साखळी तुटली आन ती रस्त्याच्या कडंला चरत उभी व्हती म्हणं, अंगभर गुलाल. मला लई दिवस त्या घोडीकडं बघवलं न्हाई, मंग थोरल्या दिरांनी ती इकली.

आता माणसं किती व्हती ते कुणी सांगंना. जो तो म्हणतोय, मी म्होरं बसलो व्हतो, मागचं मला ठावं न्हाई. आन मंग एकाच्या तोंडनं निघालं, पाटा तुटला. झालं, पाटा तुटला, पाटा तुटला, गावभर. दादा दहाव्याला आला तर थोरले दीर सगळ्यांसमोर म्हणले, माझ्या भावाला मारलंस, आता काय बघाया आलास, चालता हो. दादा तसाच वळला. जीप वढून आणून गोठ्यामागं टाकली व्हती, तिकडं गेला, आन दहाव्याचं पांढरं धोतर-सदरा घालून तिच्याखाली उताणा झोपला. एकेक पट्टी हातानं चाचपली. मी गोठ्याच्या कुडाआड उभी. बाहेर आला, कपडे समदे काळे, म्हणला, कमे, पाटे शाबूत हायेत. मी म्हणलं, मंग चल, सांग की सगळ्यांना. तर म्हणला, सांगू काय? पाटे शाबूत म्हणलं की इचारतील मंग गाडी का गेली, आन मंग पावण्यांचं नाव येईल. मेलेल्या माणसाच्या आईला हे सांगू? तुला याच घरात पोरगी वाढवायचीय. राहू दे माझ्यावर.

मी न्हाई राहू दिलं. मी आत्याबाईंना म्हणलं, म्हंजे सासूला, की दादाचे पाटे तुटले न्हाईत. त्या म्हणल्या, मंग माझ्या लेकाचं चुकलं म्हणतीस? जुन्नरकडचे डायवर दादाकडं जायचे बंद झाले, मंग मंचरचे, मंग कळंबचे बी. दुकान मोडलं. आता एका गॅरेजात दुसऱ्याच्या हाताखाली चाकं खोलतो, पाट्याला हात लावत न्हाई.

घरात त्याला मज्जाव, म्हणून भाऊबीज आमी लेण्याद्रीच्या पायथ्याला करतो, इतकी वर्सं झाली. मी डब्यात निरांजन, सुपारी, करंज्या घेऊन जाते, तो एष्टीनं येतो. पहिल्या वर्षी एक बाई म्हणली बी, रांडमुंड बाईनं ओवाळू नये. दादा म्हणला, मावशे, तुमी देवाला जा, मला माझी बहीण ओवाळती. आन टोपी नीट करून बसला.

दोन सालामागं आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांचं न्हाणं-धुणं मीच करायची. एक दिवस मी त्यांची वेणी घालताना म्हणल्या, कमल, पाटे तुटले नव्हते, मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. माझा लेक मला ठावा नव्हता व्हय? कुणाला उतर म्हणाला नसंल. पण राग कुणावर तरी काढावा लागतो बाई, देवाला शिव्या देऊन भागंना. तुझ्या भावाला घरी आण, मला त्याच्या पाया पडायचंय. काय सांगू तुमाला, मला रडू बी येईना आन राग बी. वेणी तशीच हातात धरून बसले. भाऊबीजेला दादाला सांगितलं, पण तो यायच्या आतच त्या गेल्या, जाताना थोरल्या दिरांनाबी पाट्यांचं खरं सांगून गेल्या. त्यांच्या दहाव्याला मातर आला, थोरल्या दिरांनी उठून त्याला जवळ बसवलं. मला वाटलं, मिटलं.

तर ह्या दिवाळीला परत पायथ्यालाच थांबला. मी म्हणलं, दादा, आता घरी चल की, आता कोण अडवतंय तुला, सगळ्यांना ठावं झालंय तुझे पाटे शाबूत व्हते. तर म्हणला, तेच तर हाय कमे. तुटले असते तर म्हणलो असतो लोखंड खराब निघालं आन झोपलो असतो. मी ते येवढे मजबूत केले की पावण्यांना वजन कळलंच न्हाई. आधी गाडी सांगत व्हती त्यांना, मी तिचं तोंड बंद केलं.

मी म्हणलं, असं न्हाई दादा, तू सांगितलं व्हतंस, मी ऐकलंय. त्यानं मान हलवली, पण ती ऐकल्याची नव्हती. वारं लई व्हतं, निरांजन इझत व्हतं, मी पदर आडवा धरून ओवाळलं आन म्हणलं, देवा, माझं राहिलेलं आयुष्य ह्याला दे, आन त्यातली एक रात तरी ह्याला झोपू दे.