वैष्णवीच्या बाजूची जागा

सई, मागच्या फोनवर तू विचारलंस की घरोघरी मोटरसायकली असताना आपल्या सुमनबाई अजून बसनेच का येतात. मी तो प्रश्न त्यांनाच विचारला. आपल्या अकोल्यातल्या जठारपेठेच्या घरी त्या सतरा वर्षं पोळ्या करतात. दोन दुपारी त्या बोलल्या आणि मी वहीत उतरवून घेतलं. बोली त्यांचीच ठेवली आहे. वऱ्हाडी ऐकायची तुम्हा दोघा बहीणभावांची सवय सुटली असेल, म्हणून हे मोठ्याने वाचा.

*

काय सांगू काकू तुमाले, तुमच्या नातीनं सोपा प्रश्न इचारला अन् मले कठीण पेपर आला. माह्यं माहेर हिवरखेड, तिकडं तेल्हाऱ्याकडलं, बाप लोकाच्या वावरात सालदार अन् आमी चार बहिणी. तवा कुठं जायाचं म्हटलं का पाय नाई तर बस, तिसरं काई नोतं. माय अकोटच्या बाजाराले निघाली का आदल्या दिवशीच लुगडं धुवून, घडी करून गादीखाली ठेवे, अन् बस येयाच्या घंटाभर आधी आमाले घेऊन स्टँडावर जाऊन बसे. आमी म्हणो, माय, अजून लय वेय हाय. तर ती म्हणे, बस काई आपली वाट पाहत नाई, आपणच तिची पाहाले पाह्यजे.

मंग लग्न झालं अन् अकोट रोडकडच्या या गावात आली. गाव रोडपासून तीन किलोमीटर आत, गावात बसच येत नोती. फाट्यावर जा अन् उभे राहा. माह्या गजूले, मोठ्या पोराले, तीन वर्साचा असतांनी ताप भरला, आंग असं पोये जसा तवा, तर मी त्याले खांद्यावर टाकून फाट्यावर गेली, उन्हाचं. एक बस भरून निंघून गेली, दुसरीले हात दाखवला तरी थांबली नाई, शेवटी एका टरबुजाच्या टेम्पोवाल्यानं घेतलं. टरबुजाच्या ढिगावर बसून दवाखान्यात गेलो आमी मायलेक. म्हणून सांगतो, ज्यानं फटफटी घेतली त्याले मी कदी हासली नाई. लोक म्हणतात, पोट्टे शौकापायी घेतात. हाय, शौकही हाय. पण ज्यानं फाट्यावर लेकरू घेऊन एक घंटा काढला, त्याले जाऊन इचारा फटफटी काहून घेतली ते.

तर मी काय सांगून राहिली होती? हां, मुक्कामी गाडी. मंग आमच्या गावाले मुक्कामी भेटली. मुक्कामी म्हंजे कशी, संध्याकायी अकोल्यावरून येते, गावातच राह्यते, ड्रायवर-कंडक्टर गावातच झोपतात, अन् सकायी सहाले तीच गाडी अकोल्याले निंघते. पह्यल्या दिवशी गावानं तिले हार घातला, नारय फोडला, सरपंचानं भाषण केलं. ड्रायवर खानभाऊ अन् कंडक्टर तायडे. त्याईचा सकायचा चहा माह्या घरून. कोणी लावून देला नोता, घर स्टँडाले लागून, मी उठतच होती, दोन कप पाणी जास्तीचं टाकलं, झालं. तर खानभाऊ तीन हॉर्न मारे. पह्यला साऱ्या गावाले, दुसरा कॉलेजच्या पोट्ट्याईले, अन् तिसरा माह्या एकटीसाठी, काहून का चुलीपाशी मले नेहमी उशीर होये. तायडे म्हणे, मावशी, कलेक्टर आला तरी दुसऱ्या हॉर्नवर सोडून जाऊ, तुमची गोष्ट अलग हाय, तुमच्या चहात अद्रक असते.

आमच्या मालकाईले दम्यापायी वावरात जाणं झेपेना, तवा मी पोया कराले निघाली. पह्यले तुमचं घर, मंग बाजूचं, असे चार घरं झाले. आमी आठ-दहा बाया अपडाऊनवाल्या, कोणी दवाखान्यात झाडू-पोछा, कोणी दालमिलमंदी. वापस येतांनी तुरीच्या शेंगा सोलो, लसूण निवडो, गाव येयेपर्यंत भाजी तयार. बसमंदी दोन्ही हात मोकये असतात ना काकू, हे तुमच्या नातीले लिहा. फटफटीवर लसूण नाई सोलता येत.

आता वैष्णवीचं सांगतो. वैष्णवी म्हंजे आमच्या शेजारच्या शंकरची पोरगी, दहावीत गावातून पह्यली. तिले अकोल्यात सायन्स घ्यायचं होतं. शंकरजवय एक सायकल, बाकी काई नाई. तो म्हणे, बसनं जाईन तर जाऊ दे, सुमनबाई संगं हाय. पण काली-पिली जीपमंदी लोकाच्या मांडीवर बसून मी पोरगी पाठवत नाई, अन् कोणाच्या फटफटीमांगं तर नाईच नाई. तर ती माह्या बाजूले बसे, खिडकीकडं ती अन् इकडून मी. मी तिसऱ्या हॉर्नवाली, ती आधीच चढे, अन् बाजूच्या जागेवर आपली ओढणी टाकून ठेवे. कोणी माणूस बसाले आला का म्हणे, काका, जागा हाय मावशीची. मंग सारी वाट पुस्तक उघडं. मले वाचून दाखवे, बेंडकाच्या पोटात काय काय असते ते. म्या बेंडकाचं पोट कवा पाह्यलं? पण मी हो हो म्हणो, तिले बरं वाटे.

तिची अकरावी अर्धी झाली अन् गजूनं मोटरसायकल घेतली. त्याची दालमिलमंदी आठची ड्युटी. म्हणे, माय, कायले पाचाले उठतं अन् सहाले निंघतं? मी साताले निंघतोच हाव, मांग बस, तुले जठारपेठेत दारात सोडतो. चार दिवस मी नाई म्हणून पाह्यलं. मंग थंडी पडली अन् बसली एक दिवस. खोटं नाई बोलत काकू, सुख होतं. एक घंटा जास्तीची झोप, तुमच्या दारात उतरणं, पायाले चालणं नाई.

अन् दुसरं एक सांगतो, हे म्या गजूलेबी सांगितलं नाई. लग्न झालं तसा तो पोरगा माह्याशी धड बोलतच नोता. घरी आला का मोबाइल, जेवण अन् झोप. पण फटफटीवर बोले. तोंड समोर असलं, मायच्या डोयात पाहायचं नसलं का पोरं बोलतात. मुकादम कसा तरास देते, बायको कायच्यापायी रुसली, लहानीले कोणत्या शायेत टाकू, सारं सांगे. अर्धं हवेनंच उडून जाये, तर मी त्याच्या पाठीवर हात ठेवून, कान लावून आयको. लोक म्हणतात वेय वाचते. मले तर पोरगा भेटत होता अर्धा-पाऊण घंटा.

मी उठली बसमधून, तशा दुसऱ्याई उठल्या. पुष्पा भाच्याच्या स्कुटीवर, लता नवऱ्याच्या मांग. कोणी वाईट नाई केलं, ज्याले त्याले आपआपल्या सोयीचं. चहा चालूच होता, तो सून नेऊन दे. पण खानभाऊनं तिसरा हॉर्न मारणं बंद केलं. मी अंथरुणात पडून दोन हॉर्न आयको, मंग गाडी निंघून गेल्याचा आवाज, अन् मंग मले झोप येतच नोती, सांगा आता.

एक दिवस सांजच्याले शंकर ओट्यावर आला. म्हणे, सुमनबाई, पोरीचं नाव काढतो कॉलेजातून. म्या म्हटलं, काहून रे, डोकंबिकं फिरलं का? तर म्हणे, गाडीत चार माणसं असतात. परवा एक पेलेला माणूस तिच्या सीटवर येऊन बसला, उठेच ना, तायडेनं उठवला त्याले. रोज कोण उठवीन? तसंई तायडे सांगून राहिला होता, पुढच्या महिन्यापासून मुक्कामी बंद, माणसंच नाईत. वैष्णवी दारात उभी होती. ती मले म्हणे, मावशी, मी अजूनई ओढणी टाकतो तुमच्या जागेवर. पण तिथं कोणी येत नाई हे आता साऱ्याईले माहीत झालं हाय.

काकू, तिनं एक शब्द वाकडा नाई बोलला. बोलली असती तर बरं झालं असतं.

मंग गावात मीटिंग झाली. गाडी बंद होते म्हटल्यावर सारे तापले. जे चार वर्सात बसमंदी चढले नोते ते जास्त तापले. आमची गाडी कशी बंद करतात पाहू, म्हणे, उद्या सारा गाव डेपोवर. अन् सकायी दहाले गाव निंघाला. कायनं निंघाला सांगू? फटफटीनं! दोन-दोन, तीन-तीन जणं बसून, पुढं सरपंचाची बुलेट, मांग लाईन. मीबी गजूच्या मांग. अन् ज्या मुक्कामीसाठी चाललो होतो ती सहालेच निंघून गेली होती, चार माणसं घेऊन. कोणाच्याच ध्यानात नाई आलं, माह्याई नाई.

डेपोचा सायेब गेटवर आला. बारीकसा माणूस, चष्म्यावाला. रागावला नाई, काई नाई. भिंतीले लावलेल्या फटफट्या या टोकापासून त्या टोकापोत पाह्यल्या. मंग मले म्हातारी पाहून म्हणे, मावशी, तुमी कायनं आल्या? सरपंचानं मले कोपर मारलं, म्हंजे गप राहा. पण निंघून गेलं तोंडातून, पोराच्या गाडीवर. मांगून एक पोट्टं वरडलं, सायेब, बस भेटत नाई ना, म्हणून! सायेब म्हणे, बस तर होती बापू, सहाची. मी गेटवरच होतो, चार माणसं उतरली. अन् हासाले लागला, मंग आमीबी हासलो, काय करता? पण हासता हासता माह्यं मन खाली झालं. त्या चारात एक वैष्णवी होती.

सायेब चांगला माणूस. म्हणे, मुक्काम नाई जमत आता, पण गाडी सकायी गावात पाठवतो, संध्याकायी साडेपाचले सोडतो. दोन महिने पाहू. माणसं बसवून दाखवा, फटफट्या नका दाखवू.

गेटबाहेर आल्यावर गजूनं गाडी चालू केली, म्हणे, बस माय. म्या म्हटलं, तू जाय, मी संध्याकायच्या बसनं येतो, अन् उद्यापासून सहाच्यानंच जातो. त्याचं तोंड पडलं. म्हणे, माह्या गाडीवर भेव लागते का तुले? म्या म्हटलं, नाई रे राजा, भेव नाई लागत. लय गोड लागते. त्याले काय समजलं देव जाणे, गेला भुर्रकन निंघून.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मले उशीर झालाच. पह्यला हॉर्न वाजला, दुसरा वाजला, अन् मी चहाची किटली घेऊन पयत सुटली, म्हटलं गेली आता. खानभाऊनं खिडकीतून पाह्यलं अन् तिसरा असा लांब मारला का कुत्रे भुकाले लागले. चढली तर जागेवर ओढणी होती. वैष्णवीनं ती उचलली, घडी केली, मांडीवर ठेवली, अन् पुस्तक उघडलं. अकोट रोड लागल्यावर म्हणे, मावशी, आता बेंडूक संपला, झुरय चालू हाय.

मंग मी घरोघरी फिरली. हप्त्यातून एक दिवस तरी बसा म्हटलं. पोट्टे टोमणे मारत, काकी, कंडक्टरीन म्हणून भरती झाली का तुमची? म्या म्हटलं, भरती तुह्यी करतो, चढ पह्यले. दूधवाला बाबू म्हणे, माह्या चार कॅना काय खानभाऊच्या मांडीवर ठेवू? त्याले सोडलं, त्याचं खरं होतं. ज्याची रातपाळी त्याले सोडलं. पुष्पा आली, लता आली, बायाईले अर्धं तिकीट हाय त्याच्यानं त्या लवकर आल्या. गजू सोमवारचा येते. अन् गंमत आयका, बसमंदी तो माह्याशी बोलतच नाई, समोरच्या सीटवर बसून मोबाइल पाहते. ते फटफटीवरलं बोलणं गेलं ते गेलंच. आठोण येते मले त्याची, काहून खोटं सांगू?

दोन महिन्याचे पाच झाले, गाडी अजून येते. कवा पंचवीस माणसं, कवा आठ. उद्याचं मले माहीत नाई. वैष्णवी बारावीत हाय, तिची परीक्षा होयेपर्यंत तरी मी त्या जागेवरून उठत नाई. असं हाय काकू माह्यं उत्तर. शहाण्या माणसाचं नसन.

लिहा तुमच्या लेकराईले, सुमनमावशीनं आशीर्वाद देला म्हणा. फटफटीनं जा, बसनं जा, इमानानं जा, सुखी राहा, अन् जिथं जान तिथं कोणी तुमच्यासाठी जागा धरून ठेवो. आता उठतो मी, साडेपाचची गाडी हाय. पोया झाकून ठेवल्या, तूप वरच्या फळीवर हाय. वैष्णवीचा क्लास पाचाले सुटते, तिले स्टँडावर याले वेय लागते. संध्याकायची जागा मी धरतो तिची.